साहेब, माझी काजूची बाग वन नाही

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय वन सर्वेक्षण, देहरादून

महोदय, स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे. तुमचं एक विभागीय कार्यालय नागपुरात आहे, तिथलं कुणीतरी ते तुम्हाला समजावून सांगेल अशी आशा धरतो. नाहीच पोचलं तर आमच्या जिल्ह्यातल्या माणसांनी वाचावं, म्हणून उघड लिहितोय.

मी दोडामार्ग तालुक्यातला काजू बागायतदार. तिलारीच्या खोऱ्यात घर. सव्वादोन हेक्टर काजू, थोडी सुपारी, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला भाताचे चार कुणगे. गेल्या गणपतीत पुतण्या पुण्याहून आला होता. तो नकाशांचंच काहीतरी शिकतो. आरत्या आटोपल्यावर पडवीत बसून त्याने देशातल्या वनांवरच्या तुमच्या अहवालातली वनाची व्याख्या मला वाचून दाखवली आणि म्हणाला, "काका, तुझी बाग सरकारच्या हिशोबान जंगल आसा."

सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. त्या बागेच्या जागी खरंच जंगल होतं, आणि ते मी तोडलं होतं.

हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्याकडे बोट दाखवणं आहे असं कुणाला वाटू नये. १९९० साली राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. खड्डे खणायचे, कलमं लावायची, खर्च सरकारचा. कोकणातल्या माणसाच्या हाताला तोवर असं काही लागलं नव्हतं. डोंगरउतारावर नाचणी, वरी करून पोट भरत नव्हतं आणि मुंबईची गिरणी संपानंतर परत बोलवत नव्हती. १९९३ च्या उन्हाळ्यात मी आमच्या वाटणीचं रान एका ठेकेदाराला दिलं. सतरा ट्रक लाकूड गेलं. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ सरसकट. गारंबीचा एक वेल होता, माझ्या मांडीएवढा जाड, तीन झाडांवर चढलेला. झाड कापलं तरी ते पडेना, वेलाने वरच्या वर धरून ठेवलेलं. शेवटी वेल तोडला तेव्हा तिन्ही झाडं एकदम खाली आली. बाबा अंगणातून बघत होते. ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि दुपारी जेवले नाहीत, एवढंच. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. माझ्या डोक्यात काजूच्या वेंगुर्ला-४ जातीची कलमं होती.

काजूने घर उभं केलं, मुलीचं शिक्षण केलं. त्याबद्दल रडगाणं गाणार नाही. उद्या कुणी म्हणालं की काजू उपटून रान परत आण, तर आणणार नाही. पण ती बाग आहे, साहेब. मी तिला दर नोव्हेंबरात बेणतो, मोहोराच्या वेळी फवारतो, खालचं झाडझुडूप वर आलं की कोयत्याने साफ करतो, कारण गवतात बी सापडत नाही. जिथे दुसरं काही उगवूच द्यायचं नाही असा माझा वर्षभराचा उद्योग आहे, त्या जागेला तुम्ही वन म्हणता.

तुमची व्याख्या मी पुतण्याकडून चार वेळा वाचून घेतली. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन, तिच्यावर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्के किंवा जास्त, की ते वनाच्छादन. जमीन कुणाच्या मालकीची, झाड कोणतं, ते लावलेलं की आपोआप आलेलं, हे बघायचं नाही. आमराई, काजू, बांबू, माड, रबर, सगळं आत. हे तुम्ही लपवत नाही, अहवालात स्वच्छ लिहिता, हे मान्य. पण तो परिच्छेद वाचतं कोण? वर्तमानपत्रात येतो तो आकडा. सभेत माईकवरून सांगतात तो आकडा.

तुमचा उपग्रह आमच्याकडे बघतो तेव्हा त्याला साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा एकेक ठिपका दिसतो. मी त्याचे गुंठे केले. साधारण साडेपाच गुंठे. म्हणजे माझी बाग तुमच्या नकाशात चाळीसेक हिरवे ठिपके. दहा ते चाळीस टक्के सावली असेल तर विरळ वन, चाळीस ते सत्तर मध्यम घनदाट, सत्तरच्या वर अतिघनदाट. माझी बाग जुनी आहे, फांदीला फांदी लागलेली आहे. बहुधा मध्यम घनदाटमध्ये पास होत असेल. शाळेत मी गणितात कधी तेवढे गुण मिळवले नव्हते.

आता माझ्या अंगणातून समोर दिसणाऱ्या डोंगराबद्दल लिहितो, कारण खरं पत्र त्याच्याबद्दल आहे.

तो डोंगर सामाईक होता. सातबाऱ्यावर एकतीस नावं. निम्मी माणसं मुंबईत, काही बडोद्याला, दोघांचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. अशी जमीन आमच्याकडे कुणी विकत नसे, कारण विकताच येत नसे. सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार? रान टिकलं ते त्या भांडणामुळे टिकलं, असं मी नेहमी म्हणतो. कोकणातली अर्धी जंगलं भाऊबंदकीने राखली आहेत. मग दक्षिणेकडचे बागायतदार आले. त्यांच्याकडे पैसा होता, दलाल होते आणि सह्या गोळा करायला लागणारी चिकाटी होती. २००९ च्या उन्हाळ्यात खरेदीखत झालं. विकणाऱ्यांना दोष देत नाही. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला डोंगरातल्या एकतिसाव्या हिश्श्याचं काय करायचं असतं?

आधी जेसीबीने वर जायला रस्ता काढला. मग कटर मशीन. कुऱ्हाडीचा आवाज ओळखीचा असतो, मध्ये थांबतो, माणूस घाम पुसतो हे कळतं. कटर थांबत नाही. दीड महिना सकाळी सात ते संध्याकाळी सहा. लाकूड गेलं, उरलेलं पेटवलं. चार रात्री डोंगर लाल होता, आमच्या पडवीत राख पडत होती. पहिल्या पावसाआधी परत जेसीबी आला आणि उतारावर गोल गोल पायऱ्या काढल्या, केसांतून फणी फिरवावी तशा. पायरीवर रबराची रोपं, दोन ओळींच्या मध्ये अननस. रबर मोठं होईपर्यंत तीन-चार वर्षं अननसाचं उत्पन्न.

त्या जूनमध्ये आमचा व्हाळ तांबडा वाहिला. कुणग्यात वीतभर माती येऊन बसली, तरवा, म्हणजे भाताची रोपं, गाडला गेला. पुढची दोन वर्षं तसंच. नंतर माती यायची थांबली, पण पाणीही थांबलं. पूर्वी मेच्या शेवटापर्यंत व्हाळात गुरं पाणी प्यायची. आता शिमग्याला डबकी उरतात. त्यात रबराचा वाटा किती आणि पावसाच्या बदललेल्या चालीचा किती, हे सांगण्याइतका मी शहाणा नाही. पण पाण्याचा उगम त्याच डोंगरात होता.

सात वर्षांनी रबर चिकाला आलं. आज अंगणातून बघाल तर डोंगर पूर्वीपेक्षा हिरवा दिसतो. पूर्वी त्यात तपकिरी, पोपटी, तांबूस, काळपट असे पन्नास रंग होते. आता एकच, नीट विंचरलेला. मुंबईहून येणारे पाहुणे त्याचे फोटो काढतात आणि म्हणतात, किती छान, तुमच्याकडे अजून जंगल आहे.

तुमचा उपग्रहही त्या पाहुण्यांपैकीच एक. हा टोमणा नाही. तुम्ही फोटो घेता ते ऑक्टोबर ते डिसेंबरमधले, आभाळ स्वच्छ आणि पानगळ सुरू व्हायच्या आतले. ते बरोबरच आहे. पण त्या महिन्यांत रबर भरगच्च असतं. तुमच्या वहीत त्या डोंगराचा प्रवास कसा नोंदला गेला असेल याचा मी अंदाज करतो. आधी अतिघनदाट. मग बिगरवन. मग विरळ, मग मध्यम. आणि आज? सत्तर टक्के सावली तर आहेच. म्हणजे एक पाऊल मागे आणि तीन पावलं पुढे. डोंगर गेला तेव्हा एका अहवालात घट झाली असेल आणि रबर वाढलं तेव्हा पुढच्या तीन अहवालांत वाढ. शेवटी हिशोब जुळला. फक्त जंगल परत आलेलं नाही.

रबराच्या आत एकदा चालून बघा. मी गेलो आहे, गुरं शोधायला. खाली एकच वेल गालिच्यासारखा पसरलेला, मातीसाठी मुद्दाम लावलेला. प्रत्येक झाडाला कमरेच्या उंचीवर तिरका काप आणि खाली वाटी. वारा नसेल तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. भर दुपारी रातकिडासुद्धा नाही. मला भीती कशाचीच वाटत नाही, वयाची सहा दशकं या रानात गेली, गवा समोर आलेला बघितलाय. पण तिथे मला चुकल्यासारखं झालं. जंगलात चुकलात तर एखादा वाकडा फणस, एखादी वारूळ असलेली बांधाची कड, एखादी घळण तुम्हाला परत आणते. तिथे सगळी झाडं एकसारखी, सगळ्या ओळी एकसारख्या. उतार धरून खाली आलो.

आता दुसरी जागा सांगतो. आमच्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जंगली जायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई आहे. बारमाही ओल्या चिखलात उभी असलेली झाडं, त्यांची मुळं गुडघ्यासारखी चिखलाच्या वर डोकावणारी. असली राई केरळात आणि कर्नाटकात जास्त आढळते. आमच्याकडे ती टिकली ती देवाची म्हणून. आता ती जैविक वारसा स्थळ आहे. क्षेत्र केवढं? २.५९ हेक्टर. तुमच्या ठिपक्यांत सत्तेचाळीसेक. माझ्या काजूच्या बागेपेक्षा सहा-सात ठिपके जास्त.

आमच्या जिल्ह्याच्या वनाच्छादनात तिचे सत्तेचाळीस आणि माझे चाळीस एका ओळीत बेरजेला बसतात. उद्या ती राई गेली आणि शेजारी अडीच हेक्टर रबर वाढलं, तर आकड्यात केसाएवढाही फरक पडणार नाही. ही माझी तक्रार आहे. बाकी सगळं पत्र याच एका गोष्टीसाठी आहे.

तुमचा अठरावा अहवाल २१ डिसेंबर २०२४ ला आला. देशाचं वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन मिळून ८,२७,३५७ चौरस किलोमीटर, म्हणजे २५.१७ टक्के. आधीच्या अहवालापेक्षा १,४४५ चौरस किलोमीटरने जास्त. त्यातलं वनाच्छादन वाढलं १५६ चौरस किलोमीटर, बाकीची वाढ वनाबाहेरच्या झाडांची. महाराष्ट्र दोन्ही मिळून देशात तिसरा. आमचा सिंधुदुर्ग तर निम्म्याच्या आसपास हिरवा असतो तुमच्या तक्त्यात, राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर. ते वाचून इथल्या सभांमध्ये टाळ्या पडतात. एक पुढारी तर म्हणाला, आमच्याकडे जंगल वाढतंय, मग निर्बंध कशाला? त्याला उत्तर काय देणार? त्याच्या हातात तुमचा आकडा होता, माझ्या हातात अंगणातून दिसणारा डोंगर.

त्याच अहवालात पश्चिम घाटाच्या प्रस्तावित पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा दहा वर्षांचा हिशोब आहे. एकूण घट ५८.२२ चौरस किलोमीटर. मामुली वाटते. पण तिच्या पोटात डोकावलं की तीन आकडे निघतात: अतिघनदाट वन ३,४६५.१२ चौरस किलोमीटरने वाढलं, मध्यम घनदाट १,०४३.२३ ने आणि विरळ २,४८०.११ ने घटलं. म्हणजे दहा वर्षांत साडेतीन हजार चौरस किलोमीटर मध्यम आणि विरळ जंगल दाट होऊन वरच्या वर्गात गेलं, असं दिसतं. काही ठिकाणी ते खरं असेल. माणसं गावं सोडून गेली, शेत भाजायला फांद्यांची कवळं तोडणं थांबलं, गॅस आला, लाकूडफाटा कमी झाला. आमच्याच घाटमाथ्याला मी काही जागा अशा भरून आलेल्या बघितल्या आहेत. पण या साडेतीन हजारात वयात आलेलं रबर किती? वाढलेली सुपारी, कॉफीच्या मळ्यावरची सावलीची झाडं, लावलेला अकेशिया किती? तुमच्या त्या तक्त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. आमच्या डोंगराचा अनुभव असलेला माणूस तो वाढीचा आकडा आनंदाने वाचू शकत नाही.

आणखी एक गंमत आहे. (गंमत हा शब्द सातबारा जवळ नसलेल्यांसाठी.) १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की शब्दकोशाच्या अर्थाने जे वन, ते वन, मग मालक कोणीही असो. त्यानंतर राज्यांना अशा जमिनी शोधायला सांगितलं. आमच्या जिल्ह्यात त्यातून कागदावर वन ठरलेल्या जमिनीसाठी 'वनसंज्ञा' नावाचा शब्द निघाला, जो आता शेंबडं पोरसुद्धा जाणतं. माझ्या चुलत्याचा एक तुकडा वनसंज्ञेत आहे. निव्वळ कातळ. पावसात चार महिने त्यावर तेरड्याची फुलं येतात, एरवी तिथे बकरीला सावली मिळत नाही. तो कागदावर वन आहे आणि तिथे त्याला काजू वाळवायची शेडही बांधता येत नाही. माझी बाग कागदावर बाग आहे आणि तुमच्या नकाशात वन. आणि समोरचा डोंगर, जो खरोखर वन होता, तो तोडायला एकतीस सह्या पुरल्या.

कागदावरचं वन आणि आभाळातून दिसणारं वन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही अहवालात सांगता. पण तिसरं एक वन असतं, जे जमिनीवर उभं असतं, आणि आमच्या दक्षिण कोकणात ते बहुतेक खाजगी आहे. विदर्भासारखी सरकारी जंगलं आमच्याकडे फार नाहीत. गडचिरोलीत झाड तुटलं तर वनखात्याचं तुटलं. आमच्याकडे तुटतं ते कुणाच्या तरी काकाचं. म्हणून आमच्यासाठी तुमचा नकाशा फक्त आकडेवारी नाही. खाजगी रानाची दर दोन वर्षांनी नोंद घेणारं देशात दुसरं आहे कोण?

न्यायालयाने आमच्याकडे लक्ष दिलं, याची नोंद केली पाहिजे. सावंतवाडी ते दोडामार्ग हा पट्टा राधानगरीकडून गोवा-कर्नाटकातल्या जंगलांकडे जाणारा जनावरांचा रस्ता आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इथल्या वृक्षतोडीवर बंदी घातली आणि २२ मार्च २०२४ ला २५ गावं पर्यावरण-संवेदनशील जाहीर करण्याबाबत आदेश दिला. मधल्या दहा-अकरा वर्षांत तोड चालूच असल्याच्या तक्रारी न्यायालयापुढे येतच राहिल्या. अशा खटल्यात रान होतं की नव्हतं, कधी गेलं, हे दाखवायला नकाशा लागतो. ज्या नकाशात रान आणि रबर एकाच रंगाचे, तो साक्षीला उभा कसा राहणार?

हत्तींचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पत्र संपायचं नाही. २००२ साली कर्नाटकातून पहिल्यांदा हत्ती आमच्या तालुक्यात उतरले. लोकांनी हळदकुंकू वाहिलं, गणपतीच आला म्हणून. पुढे माड, केळी, सुपारी, भात, सगळं बघून झालं आणि हळदकुंकू बंद झालं. हत्ती रबर खात नाही. तुमच्या हिशोबाने त्याच्या आजूबाजूला वन कमी झालेलं नाही. तो मात्र ते न जुमानता माझ्या केळीत येतो.

आता मागणं. वनाच्छादनाच्या तक्त्यात एक रकाना जास्त काढा. आपोआप उगवलेलं वेगळं, लावलेलं वेगळं. जिल्हावार.

हे होत नाही असं कृपा करून सांगू नका. तुमचा पहिला अहवाल १९८७ चा. तेव्हा ८० मीटरचा ठिपका होता, नकाशा दहा लाखांत एक. तिथून तुम्ही ५० हजारात एकपर्यंत आलात. सुरुवातीला चाळीस टक्क्यांच्या वरचं सगळं एकाच नावाखाली होतं. २००३ च्या अहवालात तुम्ही त्याचे दोन भाग केलेत, अतिघनदाट आणि मध्यम घनदाट. म्हणजे वर्ग मोडता येतो, मोडला की आभाळ कोसळत नाही. वनांच्या प्रकारांचा जो नकाशा तुम्ही काढता त्यात लागवड आणि वनाबाहेरची झाडं असा वेगळा गट तुम्हीच ठेवला आहे. फरक तुम्हाला कळतो, साहेब. तो फरक मुख्य आकड्यापर्यंत येत नाही, एवढंच.

रबराचं तर सोपं आहे. ते थंडीच्या शेवटाला एकदम पान टाकतं आणि एकदम नवं पान धरतं, आमची सदाहरित राई तसं करत नाही. ऑक्टोबर-डिसेंबरच्या जोडीला जानेवारी-फेब्रुवारीचा आणखी एक फोटो घेतलात तर डोंगर आपण होऊन बोलेल. रबर बोर्डाने उपग्रहावरून रबराखालचं क्षेत्र मोजलेलं आहे, त्यांना विचारा. काजू अवघड आहे, हे मान्य. काजूला बारा महिने पान असतं आणि जुनी बाग वरून झुडपी रानासारखी दिसते. त्याच्यासाठी पीकपाण्याची नोंद सातबाऱ्यावर आहे, ती नकाशावर ठेवून बघता येईल. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या व्याख्येतही फळबाग वनात धरत नाहीत. रबर मात्र तिथेही वनात धरतात, म्हणजे शहाणपणात ते आपल्यापेक्षा एकच पाऊल पुढे.

बदलाचे जे तक्ते तुम्ही छापता, कुठल्या वर्गातून कुठल्या वर्गात किती गेलं, त्यांच्याबद्दलही एक विनंती. बिगरवनाच्या ओळीतून एखादा आकडा दोन वर्षांत थेट घनदाटच्या रकान्यात पडला, तर त्याखाली एक टीप द्या. उघड्या जमिनीवर दोन वर्षांत जंगल उभं राहत नाही. एक तर तिथे लागवड वाढली, नाहीतर मागच्या वेळी मोजणी चुकली. दोन्ही लाजेच्या गोष्टी नाहीत. लपल्या तर लाजेच्या.

आणि जमिनीवरची पडताळणी करायला तुमची माणसं येतात तेव्हा गावातल्या एकाला सोबत घ्या. गुराखी चालेल, कातकरी चालेल, जळणाला जाणारी एखादी आजी तर उत्तमच. तिला कुठल्या वळणापासून पुढे ओंडा नाही, फक्त काटकी मिळते, हे पाठ असतं. तुमच्या तीन वर्गांपेक्षा तिचे वर्ग जास्त आहेत.

मला कुणी विचारेल, तुझं काय जातं? आकडा बदलला तर तुझ्या बागेवर निर्बंध येतील की काय, ही भीती नाही का? उलट आहे. आज नकाशात वन म्हटलेलं उद्या कागदावर येणार नाही याची खात्री आमच्याकडे कुणालाच नाही, वनसंज्ञेने पोळलेली माणसं आहेत आम्ही. बागेला बाग म्हणा, रबराला रबर म्हणा, आणि मग जे उरेल तेवढ्यालाच वन म्हणा. तो आकडा लहान निघेल. निघू दे.

हेही लिहून ठेवतो की आमचं रान कधी अस्पर्श नव्हतं. माझे आजोबा कुमरी करत. एक तुकडा तोडायचा, भाजायचा, दोन-तीन वर्षं नाचणी, वरी घ्यायची आणि सोडून द्यायचा. दहा-बारा वर्षांनी परत त्याच तुकड्यावर यायचं. इंग्रज सरकारला कुमरीचा भारी राग होता. पण सोडलेल्या तुकड्यावर रान परत येत असे, आधी कुडा, मग किंजळ, मग बाकीचे. मी १९९३ मध्ये तोडलं ते आजोबांसारखं तोडलं नाही. मी सोडूनच दिलं नाही.

बागेच्या वरच्या हद्दीवर एक बेहडा अजून आहे. त्याच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड आहे, म्हणून ठेकेदाराची माणसं त्याला हात लावायला तयार झाली नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. दरवर्षी एक नारळ देतो. त्याच्या सावलीत गेल्या तीस वर्षांत मी कोयता चालवलेला नाही, तेवढीच तीन-चार गुंठे जागा. तिथे आपोआप काय काय आलंय ते मागच्या मिरगात मोजलं. जांभूळ, कोकम, वावडिंग, एक फणस, मिरवेल, दोन नाण्याची पोरं कंबरेएवढी, आणि एक गारंबीचा कोंब. बी कुठून आलं देव जाणे. जवळपास तो वेल आता कुठेच नाही.

जागा तुमच्या एका ठिपक्यापेक्षा लहान आहे, म्हणून नकाशात ती वेगळी दिसणार नाही, काजूच्या हिरव्यातच मिसळलेली असेल. बघायची असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात या, बियांचा हंगाम उरकलेला असतो आणि मला वेळ असतो. एसटी तिठ्यापर्यंत येते, पुढे दीड किलोमीटर चढ आहे. वाट रबरातून जाते.

आपला,
एक काजू बागायतदार
तिलारी खोरे, ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग